खेळाच्या काट्यात खोट आहे

तीर्थस्वरूप दादा यांस, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत आहोत असं पत्रात लिहायचं असतं, म्हणून तेही लिहून टाकतो; खरं-खोटं पुढे वाचून तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पोटात जातात की खिडकीतून बाहेर? (हा प्रश्न तुमच्या बहिणीचा आहे. या बाबतीत तिचा तुमच्यावर विश्वास नाही. माझा कुणावरच नसतो, त्यामुळे माझं तुम्ही मनावर घेऊ नका.)

तुम्ही जाणताच, माझी उभी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेलं वजन, टोकाला घासलेली मापपट्टी, हे सगळं मी नुसत्या दुकानदाराच्या चेहऱ्यावरून ओळखत असे. ज्याचा काटा खरा तो आपल्याकडे बघतसुद्धा नाही. ज्याचा खोटा तो आधी खुर्ची पुढे करतो. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. (सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं तुमची बहीण म्हणते. सुंभ कोण ते सांगायला नको.) मध्यंतरी डोळे तपासायला गेलो होतो, तर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता खरोखर ठरलेल्या अंतरावर आहे का हे मी आधी पावलांनी मोजायला लागलो. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

तर अशा माणसाच्या घरी तुम्ही टायपिंगचं दुकान बंद करताना दोन कॉम्प्युटर पाठवून दिलेत, आणि बसून बसून गंजू नका म्हणून तो बंदुकांचा खेळही शिकवून गेलात. तेव्हा पुढे जे झालं त्याचं मूळ तुमच्याकडे आहे, एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. खेळ तुम्हाला माहीत आहे, तरी वहिनी पत्र वाचणार म्हणून सांगतो. पाच जण इकडचे, पाच जण तिकडचे, कुठकुठल्या घरांत बसलेले देव जाणे, आणि सगळ्यांनी पडद्यावरच्या ओसाड कारखान्यात शिरून एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. मेलेला माणूस पुढच्या डावात पुन्हा उठतो, त्यामुळे वहिनींनी काळजी करू नये. तुमची बहीण आतल्या खोलीत बसे, मी बाहेरच्या. जन्मभर टपाल कार्यालयात उभी राहून खणांत पत्रं फेकलेली बाई ती. बोलणं एकीकडे, नजर दुसरीकडे, आणि पत्र बरोबर ज्या त्या खणात. तिच्या गोळीचंही तसंच. मी मात्र समोरचा नक्की शत्रूच आहे ना याची आधी खात्री करून घेतो, आणि तोवर त्याची खात्री झालेली असते. पण आम्ही दोघं एकाच संघात असू. ती पुढे, मी मागे. ‘तुम्ही माझ्या मागे राहा, हलू नका,’ असं ती हेडफोनमधून बजावत असे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रोज संध्याकाळी ती माझ्याशी इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. मी सुखात होतो, हे लपवत नाही.

आता गंमत अशी की प्रत्येक डावानंतर हा खेळ खेळणाऱ्याला तोलतो. लोखंड, पितळ, चांदी, सोनं, हिरा अशा पायऱ्या आहेत, आणि ज्याच्या त्याच्या नावापुढे त्या त्या धातूचा बिल्ला लागतो. आम्ही दोघं पितळेवर होतो. पितळेशी माझा जुना घरोबा (सरकारी वजनं पितळेचीच), म्हणून मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. जोडीने खेळायचं तर दोघं एकाच पायरीवर हवेत, असा तिथला नियम. एके दिवशी तुमच्या बहिणीच्या नावापुढे चांदी आली. मी तोंडभरून अभिनंदन केलं, जोडीने खेळायचं बटण दाबलं, आणि खेळ म्हणाला, जमणार नाही. थोड्याच दिवसांत ती सोन्यावर पोचली आणि मी होतो तिथेच. एकाच गोणीतला माल, एकाच काट्यावर, बहुतेक डाव एकत्र खेळलेले, आणि वजनं दोन निघतात? (दुपारी मी डोळा मिटला की ती एकटीच खेळून घेते, हा तपशील मला फार उशिरा कळला.) मला तिथेच वास आला.

मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, आणि ते इतकं सभ्य होतं की माझा संशय दुप्पट झाला. त्यांचं म्हणणं असं: बिल्ला हा फक्त दाखवायला असतो. त्याच्या मागे प्रत्येक खेळाडूचा एक झाकलेला आकडा असतो, आणि कुणासमोर कुणाला उभं करायचं हे त्या आकड्यावर ठरतं. दादा, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. गिऱ्हाइकाला दाखवायला एक काटा आणि पडद्यामागे दुसरा, यासाठी मी लोकांची दुकानं बंद केली आहेत, आणि हे लोक ते अभिमानाने लिहून पाठवतात. पुढे म्हणे, नव्या खेळाडूचा आकडा भराभर हलतो, कारण यंत्राला त्याची नीट ओळख झालेली नसते. जुन्याचा हळूहळू हलतो, कारण ओळख पटलेली असते. (म्हणजे मी कसा आहे याविषयी यंत्राची खात्री झाली आहे. तुमच्या बहिणीचीही झाली आहे, पण ती निदान तोंडावर सांगते.) आपल्यापेक्षा भारी माणसाला हरवलं तर जास्त चढता, हलक्याकडून मार खाल्ला तर जास्त उतरता, आणि अपेक्षेप्रमाणेच घडलं तर काटा जेमतेम हलतो. हे मला पटलं, आणि पटलं म्हणूनच खटकलं. त्यावर कळस म्हणजे, यंत्र मुद्दाम असे दोन संघ जुळवतं की कोण जिंकणार हे आधी सांगता येऊ नये. म्हणजे मी बरा खेळलो की माझ्यापुढे आणखी बरे आणून उभे करणार, आणि मी जन्मभर निम्मे डाव हरत बसणार. पारडी सदैव समतोल दिसावीत म्हणून जो दुकानदार इतका झटतो, त्याच्या पारड्याखाली हात घालून बघावा, हा आमच्या खात्याचा पहिला धडा आहे.

इकडे घराची पार रया गेली. ती आतल्या खोलीत सोन्याच्या लोकांबरोबर, मी बाहेर पितळेच्या. माझ्या संघात कोण, तर एक जण सतत काहीतरी कुरकुरीत चावत असतो आणि दुसरा आपल्याच माणसांवर गोळ्या घालतो. भिंतीपलीकडून तिचा आवाज येई, ‘तुम्ही माझ्या मागे राहा,’ आणि हे कुणाला चाललं आहे ते मला कळत नसे. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाली, ‘एक दंतवैद्य आहेत. सांगितलेलं ऐकतात हो.’ मला दंतवैद्य कधीच आवडले नाहीत. दादा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला फार एकटं वाटायला लागलं. तो काटा खोटा निघाला असता तर तिचं सोनं किंवा माझं पितळ, दोन्हींपैकी एक तरी खोटं ठरलं असतं आणि आम्ही पुन्हा एकत्र बसलो असतो. म्हणून मी कंबर कसली.

खोटा काटा पकडायचा तर साधं गिऱ्हाईक बनून जावं लागतं. वाचनालयात जातो असं घरी सांगून मी दुपारचा बाजारातल्या गेमिंग कॅफेत जाऊ लागलो. (मालक मला करखात्याचा माणूस समजतो. आल्या आल्या खुर्ची पुढे केली, त्यावरून त्याचंही काहीतरी असणार.) तिथे ‘पासंग’ (पारडी सारखी करायला लावतात तो खडा) या नावाने नवं खातं उघडलं. एका माणसाने दोन खाती ठेवू नयेत असा नियम आहे, पण तो तपासणी अधिकाऱ्याला लागू नसावा. माणूस तोच, हात तेच, फक्त काटा नवा. खोट असेल तर वजन वेगळं भरणार. सुरुवातीचे डाव उरकले, यंत्राने मला तोललं आणि सांगितलं, पितळ. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पितळच, आणि जुन्या खात्यापेक्षा चिमूटभर कमीच. इतका खरा काटा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही, आणि खरा काटा पाहून इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

पण शोधलं की सापडतंच. तिथेच मला खरा चोर मिळाला. माझ्या संघात चांदीच्या तळाकडे घसरलेली एक खेळाडू आली, नाव काय तर ‘येतेच’. कुठे येते, कशाला येते, काही पत्ता नाही. ही बया बोलणं बंद ठेवून मैदानाच्या मधोमध उभी राहायची, भिंतींवर गोळ्या झाडायची, आणि शत्रू दिसला की पाहुणा आल्यासारखी त्याला सामोरी जायची. मी म्हटलं, नवखी असेल. तेवढ्यात मागून एक जण दबकत आला, आणि हिने मागे वळता वळताच त्याला आडवा केला. मग चूक लक्षात आल्यासारखी पुन्हा मधोमध जाऊन उभी राहिली. मी खुर्चीत ताठ झालो. दुसऱ्याला माप कमी देणारे पुष्कळ पाहिले होते, पण स्वतःचंच वजन मुद्दाम कमी भरवणारी पहिल्यांदाच पाहत होतो. अंगात बळ असून कुणी खाली कशाला उतरेल? खालच्या गरिबांना लुटायला, दुसरं काय. पुढे ती रोज भेटत गेली, आणि दर वेळी हरून आणखी थोडी खाली. मी तक्रारीचं बटण दाबलं आणि रीतसर मजकूर लिहिला: सदर खेळाडू हेतुपुरस्सर वजन कमी दाखवून काट्याची फसवणूक करीत आहे, तरी कडक कारवाई व्हावी. कंपनीने लगेच कळवलं की तक्रार खरी ठरली, खेळाडूवर बंदी घातली, आपले आभार. निवृत्तीनंतर इतका गाढ मी कधी झोपलो नव्हतो.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार सांगावा आणि गुडघ्याला जपावं.

तुमचा, पितळेवरचा,
मेहुणा

ता. क. वरचं सगळं लिहून झालं, पण जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. राहिलं म्हणजे धीर झाला नाही. त्या गाढ झोपेनंतर सकाळी तुमची बहीण चहा ओतता ओतता म्हणाली, ‘माझ्या खात्यावर बंदी आली. कुणा मेल्याने तक्रार केली.’ मी म्हटलं, सोन्याच्या माणसावर कसली तक्रार? तेव्हा कळलं की मी वाचनालयात गेलो की ती नाव बदलून खेळायला बसत होती, आणि मुद्दाम हरत हरत सोन्यावरून उतरत होती. पितळेपर्यंत यायचं होतं तिला. एवढीशी पायरी उरली होती. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणाली, ‘तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावरच खटला भरला असता.’ दादा, ती माझ्याकडे येत होती आणि मी तिला वाटेतच पकडून दिलं.

तक्रार कुणी केली हे कंपनी सांगत नाही. पण तुमच्या बहिणीने आपल्यापुरता निकाल लावून टाकला आहे: ‘दादाच. लहानपणी मी कुंपणावरून उडी मारली तरी आईला जाऊन सांगणारा तोच. त्याचंही खातं आहे, आणि दुपारी तो रिकामाच असतो.’ (मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, नुसता बिस्किटाचा डबा उघडला.) तेव्हा विनंती एवढीच, की तिचा फोन आला की ‘हो, मीच’ म्हणून मोकळं व्हावं. तुमच्यावर ती चार दिवस रागावेल आणि विसरेल, कारण भाऊ काही बदलता येत नाही. माझी गोष्ट वेगळी आहे. आणि फोनवर फार बोलू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे मी लग्नाच्या बोलणीतच ओळखलं होतं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, तेवढ्यात तिच्यावरची बंदी उठली. शिक्षा म्हणून तिला एक पायरी खाली ढकललं आहे, म्हणजे पितळेवर. आम्ही पुन्हा जोडीने खेळतो. पण झाकलेला आकडा तिला विसरलेला नाही. आम्ही एक डाव जिंकलो की मी चढतो मुंगीच्या पावलाने आणि ती उड्या मारत. चार चांगले दिवस गेले की पुन्हा चांदी, पुन्हा दंतवैद्य. आज शेवटच्या डावात शत्रूचा एकच माणूस उरला होता, तिच्या पुढ्यात, पाठमोरा, हात लावता येईल इतका जवळ. तिने गोळी झाडली ती त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याला लागली, आणि आम्ही हरलो. इतक्या जवळून चुकणारी बाई ती नव्हे. भिंतीपलीकडून म्हणाली, ‘हात थरथरला हो.’ मी सगळं पाहिलं होतं, आणि तक्रारीचं बटण समोरच होतं. मी म्हटलं, माझाही थरथरतो कधीकधी, आणि पुढचा डाव लावला.