घट्ट गुंडाळलेलं फडकं

मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागण

देवापुढे दिवा लावला, पण हात जोडवले नाहीत. काय तोंडाने मागू? चूक माझीच.

लेक बाळंतपणाला आलेली, तिची पोर सव्वा महिन्याची. तीन दिवस नाक वाहत होतं, शिंका येत होत्या. सर्दीच, म्हटलं. शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली, कपाळाला अंगारा लावला. थंडी म्हणून माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवली.

काल सुषमा म्हणाली, "आई, पोरगी दूध ओढून नाही राह्यली. दवाखान्यात नेऊ का?"

मी हसले. "सर्दीसाठी बुलढाण्याले जाते का कोणी? तुले नाही वाढवलं घरीच?"

आज दुपारी बाळाच्या तपासणीला दवाखान्याच्या आशाताई आल्या. त्यांनी आधी फडकं सोडलं. प्रत्येक श्वासाला पोरीच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"काकू, हे साधी सर्दी नाही. छाती उघडून पाह्यली नाही काऊन? अन् एवढ्याशा जिवाले धुरी?"

आमच्या यांनी लगेच गाडी करून दोघींना बुलढाण्याला नेलं. जाताना सुषमाने माझ्याकडे पाहिलंही नाही. फोन लावते, कोणी उचलत नाही.

अंगारा लावायला रोज वाकत होते मी. मग फडकं एकदा सोडायला काय झालं होतं?

ते फडकं इथंच राहिलंय. ओव्याचा वास येतो त्याला. घडी घालायला घेतलं, आणि पाहते तर मी ते रिकामंच घट्ट गुंडाळत बसले होते.