फिरवली तरी मूळ संख्या

५ जाने., सोम.
आमच्या पायथॉन क्लासचे प्रणव सर, वय चोवीस. आज सगळ्यांदेखत म्हणाले, "काकू, तुम्ही टॅली करा ना, सोपं जाईल." अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं प्रेसमध्ये लग्नपत्रिका टाइप करतेय, मला सोपं नकोय. पुढच्या बॅचला एकच जागा. शुक्रवारी ज्याचा प्रोग्राम चालेल त्याला. म्हणजे मला. बॅच पाचची, प्रेस सुटते सातला. शेठना अजून विचारलेलं नाही. आधी जागा तर मिळू दे.

६, मंगळ.
प्रोग्राम असा: चार आकडी मूळ संख्या घ्या, पहिला अंक उचलून शेवटी लावा, फिरवत राहा. दरवेळी मूळच निघाली तर पास. अशा सगळ्या शोधून काढायच्या. जेवणाच्या सुट्टीत रद्दी कार्डांच्या पाठीवर ११९३ हाताने केली. १९३१, ९३११, ३११९. चारही मूळ! भागून भागून हात दुखला, पण काय मजा आली.

७, बुध.
डोकं चालवलं. सम अंक किंवा ५ असला तर फिरून कधीतरी तो शेवटी येणारच. मग कसली मूळ? म्हणून आधीच चाळणी: फक्त १, ३, ७, ९. सरांनी हे शिकवलं नव्हतं. माझं मी.

८, गुरु.
चालवला. एकही संख्या नाही! अहो पण ११९३ आहे ना, मी स्वतः केलीय. सर उभ्या उभ्या बघून, "लॉजिक चुकलं असेल." नाही चुकलं. घरी भाजी करपली. ह्यांनी तशीच खाल्ली.

९, शुक्र., दुपार
नसीमआपा! आमच्या कटिंगच्या. कापायच्या आधी प्रूफवर नजर टाकायची त्यांची जुनी सवय. डबा खाता खाता माझ्या स्क्रीनवरच्या प्रोग्रामकडे बघून, "अगं, हे आकडे आधे मराठी, आधे इंग्लिश कशाला? शेठ ओरडतील." त्यांना वाटलं पत्रिकाच. चाळणीतले १३७९ मी मराठी कीबोर्डवर मारलेले, दिवसभर बोटांना तेच वळण. मशीनचे अंक इंग्रजी, त्यामुळे चाळणीतून एकही पार होईना. कपाळावर हात मारला. मग दोघी इतक्या हसलो की शेठ केबिनमधून बाहेर आले.

संध्या.
सरांसमोर चालवला. आठ संख्या, ११९३ पहिलीच. चाळणीची ओळ त्यांनी दोनदा वाचली. "ही कोणी सांगितली?" "कोणी नाही." जागा माझी. कॉलेज रोडवरून चालतच आले, रिक्षा सुचलीच नाही.

१०, शनि.
शेठना विचारलं. "ऐन लग्नसराईत पाचला जाणार? सिन्नरची ऑर्डर कोण लावणार, मी?" म्हटलं, सकाळी आठला येते, तास भरून देते. "सोमवारी बघू." बस, एवढंच. पुन्हा फोनला लागले.

११, रवि.
उद्यापासून बॅच. शेठ नाही म्हणाले तर... वीस वर्षांत त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाही. ह्यांना विचारलं, काय करू? "तुझं तू ठरवलंयस की." ठरवलंय. आठला, प्रेस उघडायच्या दोन तास आधीच, दारात असेन. पाचला मशीन बंद करून उठेन. मग शेठ काय म्हणायचं ते म्हणोत.