गालातला छर्रा

देगलूर,
ता. ९ जानेवारी

प्रिय अलीझा बेटी,

सलाम आणि खूप खूप दुआ. तुझ्या अम्मीचे गुडघे या थंडीत कसे आहेत? इथून पाठवलेलं तेल लावतात की बाटली तशीच कपाटात उभी आहे? तुझ्या अब्बांची साखर आता ताब्यात आली का? त्यांना म्हणावं, चहातली साखर सोडून वर दोन पेढे खाल्ले तर हिशेब तिथंच राहतो. धाकट्या अमानच्या दाढा आल्या का? मागं आला तेव्हा दिसेल ते चावत होता. अजहर दिवसभर गाडीवर पार्सलं वाटत फिरतो, त्याची कंबर काय म्हणते? आणि तुझं अर्धं डोकं दुखायचं, ते थांबलं का, की शाळेतल्या पोरांच्या कालव्यात तसंच ठणकतं? लायबाचं शेवटी विचारतो.

पण पुढं वाचायच्या आधी उठ आणि एक काम कर. लायबाच्या दप्तरात, नाहीतर उशाखाली, एक निळा गोल पत्र्याचा डबा असेल. वाटीएवढा, झाकणावर उडतं कबुतर. दिवाळीनंतर त्यात बडीशेप आणि खडीसाखर भरून मीच अजहरच्या हाती पाठवला होता. तो उघडू नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत घाल, गाठ मार, पोरांचा हात पोचणार नाही असा वर ठेव आणि साबणानं हात धू. अजहर म्हणतो, मी कधीच टाकून दिला. पण त्याच्या टाकण्याचा मला भरवसा नाही. लहानपणी तुटकी चप्पल पलंगाखाली सारायचा आणि टाकली म्हणायचा. तू स्वतः बघ. मग बसून वाच.

दिवाळीपासून तू माझा फोन उचलत नाहीस. बरं करतेस, मला त्याचा राग नाही. म्हणून हे पत्र. शेजारची कमलम्मा आज दुपारच्या गाडीनं लेकीकडं लातूरला निघाली आहे. तिला बजावून सांगितलं आहे की अलीझाच्याच हातात द्यायचं, अजहरच्याही नाही. ती म्हणाली, मामू, सुनेला असं चोरून पत्र लिहिणारा सासरा मी पहिल्यांदाच बघून राहिले. तिला हसू आलं. मला आलं नाही.

तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा माझ्या बाहेरच्या खोलीतले डबे बघून अजहरला विचारलं होतंस, तुमचे अब्बा हकीम आहेत का? एवढ्या औषधाच्या डब्या! आम्ही चार दिवस हसत होतो. त्या छर्ऱ्यांच्या डब्या आहेत हे तुला समजावलं मीच. माझे अब्बा माळेगावच्या जत्रेत, कंधारच्या उरुसात फुगे फोडायच्या बंदुकीचं दुकान लावायचे. गिऱ्हाईक उभं राहिलं की एका हातानं बंदूक मधून वाकवून उघडायची आणि दुसऱ्या हातानं छर्रा भरायचा. डबीत बोटं घालत बसलं तर गर्दी पुढं सरकते, म्हणून ते दहा-बारा छर्रे गालात धरायचे. जिभेनं एकेक ओठावर आणायचे, चिमटीत घ्यायचे आणि नळीत. त्यांच्याच पाठीमागं रिकाम्या डब्यांवरची इंग्रजी अक्षरं बघत मी वाचायला शिकलो. शाळा चौथीलाच सुटली. बाकीचं माझं सगळं शिक्षण डब्यांच्या झाकणावर झालं, असं म्हण.

पुढं जत्रेतलं दुकान गेलं. मी स्टोव्ह, शिलाई मशीन आणि छर्ऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायला बसलो, पण डब्यांचा नाद राहिला. धर्माबादच्या भंगारात एक मिळाली, हिमायतनगरला एका पाटलाच्या माळ्यावर सात, हैदराबादच्या जुम्मेरात बाजारात पायपीट करून कितीतरी. विलायती, जर्मन, आपल्याकडच्या. पत्र्याच्या गोल, पुठ्ठ्याच्या चौकोनी. गंज खरवडायचा नाही, झाकणावरच्या कागदाला पाणी लावायचं नाही, मऊ कुंचल्यानं धूळ झाडायची, पुठ्ठ्याला कसर लागू नये म्हणून शेजारी लवंगा ठेवायच्या, हे सगळं चुकत चुकत शिकलो. आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली होती की आतले छर्रे काढायचे नाहीत. रिकामी डबी म्हणजे कुलूप लावलेलं घर. भरलेली डबी नांदती. शौकीन लोकही तिलाच मान देतात. एकशे त्रेचाळीस नांदती घरं होती माझ्याकडं, बेटी.

मग मलप्पा सुताराकडून नव्या सागवानाचं काचेचं कपाट करून घेतलं. फटीला रबर, धुळीला वाव नाही. तेव्हा लायबा साडेचार वर्षांची होती. वर्षभरात आतल्या छर्ऱ्यांवर पांढरं पीठ धरायला लागलं. मला वाटलं, ओल आहे, बुरशी आहे. दुपारी तू शाळेत, तुझी सासू अमीरबी निजलेली, आणि मी नि लायबा ओसरीवर. छर्रे चहाच्या गाळणीत घालून मी हलवायचो, पीठ खाली पडायचं, वरून मी फुंकर मारायचो. ती म्हणायची, दादा, मी फुंकू? मी म्हणायचो, हाव, फुंक. ते पीठ तिच्या केसांवर बसायचं आणि ती म्हणायची, मी म्हातारी झाले.

आणि एके दिवशी मी तिला अब्बांची गालातली करामत दाखवली. शिकवायची म्हणून नाही, हसवायची म्हणून. पण पोर तुझी. दुसऱ्याच दिवशी तिनं पाच छर्रे गालात धरले आणि जिभेनं एकेक बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी टाळ्या वाजवल्या. रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावून दाखवलं. गिळू नको हं, एवढंच सांगत होतो. रोज दुपारी तिचा तो खेळ झाला. तू संध्याकाळी यायच्या आत मी तिचं तोंड पुसायचो, कारण तू रागावशील हे मला कळत होतं. दुसरं काहीच कळत नव्हतं.

त्यानंतरचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. पोटातली कळ, चार-चार दिवस शौचाला नाही, चेहरा खडूसारखा, आलेली अक्षरं विसरणं, उगाच चिडणं. जंताचं औषध झालं, लोहाचं झालं, तावीज झाला, मीठ-मिरची उतरून टाकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि अमीरबीनं तुला जे बोल लावले ते मी माझ्या कानानं ऐकले. मां नोकरी करती फिरती, बच्ची सूखके काडी हो गई. तू तिला उपाशी ठेवतेस इथपर्यंत ती गेली. तू एक शब्द उलटा बोलली नाहीस. बदली करून घेतलीस, बिऱ्हाड लातूरला नेलंस. तिथं पोर सुधारली. सुट्टीला इथं आली की पुन्हा कळ. तू अजहरला म्हणालीस, देगलूरचं काहीतरी तिला बाधतं. आम्हाला ते किती झोंबलं! आमच्या घराचं पाणी वाईट, होय? साऱ्या घरात खरं बोलणारी तू एकटी होतीस.

मागच्या श्रावणात गुरुबसप्पा सर आले होते, कॉलेजात रसायन शिकवून रिटायर झाले ते. कपाट उघडून बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, मामू, ही बुरशी न्हाई. हे शिसं हाय. नव्या लाकडाची आंबट वाफ कोंडून शिशाचं पीठ झालंय. हे विष हाय, पोटात जातं, रक्तात जातं, लहान लेकरांच्या डोक्याला जातं. घरात लेकरू हाय का? मी म्हणालो, न्हाई. खोटं नव्हतं ते, तू लायबाला घेऊन लातूरला होतीस. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं तिचा फुगलेला गाल आला, बेटी. मला त्याच क्षणी कळलं. तुला आज जानेवारीत सांगतोय, पण मला कळलं श्रावणात.

आणि मी गप्प बसलो. सर म्हणाले, छर्रे काढून बंद ड्रमात भरा, खोली ओल्या फडक्यानं पुसा. मी म्हणालो, बघू. कारण डिसेंबरात वाचनालयाच्या वर्धापनदिनी माझे डबे मांडायचे ठरले होते. माझ्यासारख्या चौथी नापास मिस्त्रीचं नाव पत्रिकेत छापून येणार होतं. रिकामे डबे कोण बघणार, असं वाटलं. दिवाळीला तू पोरीला पाठवणार नाही म्हणालीस तेव्हा अमीरबी फोनवर तुला वाट्टेल ते बोलली. मी शेजारीच बसलो होतो. एका वाक्यात तिचं तोंड बंद करता आलं असतं. मी चहा पीत राहिलो. वर मनाला अशी समजूत घातली की पोरगी येत नाही, तर बरंच झालं, आपोआप सुटली. आणि तिनं आपल्याला विसरू नये म्हणून तिचा लाडका निळा डबा रिकामा केला, राखेनं घासला, तीन पाण्यांनी धुतला आणि बडीशेप भरून पाठवला. धुतला म्हणजे झालं, असं मला वाटलं. सरांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पाठवता आला नसता.

वाचनालयात हार घातला, फोटो निघाले. त्या गर्दीत दोन लेकरं काचेला नाक लावून उभी होती. एकानं मला विचारलं, मामू, हात लावू? माझ्या तोंडातून असा काही ओरडा निघाला की सारे बघायला लागले. सर तिथंच होते. त्यांनी बाहेर नेलं आणि मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला नांदेडला नेऊन रक्त द्यायला लावलं. माझ्या रक्तात शिसं निघालं, भरपूर. अब्बा शेवटच्या दोन वर्षांत पोट धरून लोळायचे आणि त्यांचा उजवा हात मनगटातून लोंबायचा. आम्ही लकवा म्हणालो, दर्ग्यावर नेलं. आता माझंही मनगट सकाळी लवकर उचलत नाही. त्याचं मला काही नाही, माझं वय झालं.

अमीरबीला परवा सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा करील. ती चुलीपुढं बसून राहिली आणि एवढंच म्हणाली, फिर मैं उस बच्ची को जो जो बोली, वो अब कां लेजाके रखूं? बच्ची म्हणजे तू. तेव्हापासून ती धड जेवली नाही. कपाट रिकामं केलं आहे. छर्रे सरांनी सांगितलं तसे ड्रमात बंद केले, डबे पिशव्यांत बांधले, खोलीला कुलूप आहे. एकशे बेचाळीस इथं आहेत. एक तुझ्याकडं.

आता शेवटचं. पाकिटात आणखी एक घडी घातलेला कागद आहे, तो उघड. मागच्या महिन्यात अजहरनं लायबाचं रक्त तपासून आणलं आणि तुला सांगितलं की लोहाची तपासणी आहे, ठीक आहे. ती लोहाची नव्हती. नांदेडहून आल्यावर मीच त्याला करायला लावली. निकाल अकरा दिवसांपासून त्याच्या फोनमध्ये आहे. असायला हवं त्याच्या कितीतरी पटीनं शिसं आहे तिच्या रक्तात. त्यानं मला फोटो पाठवला, मी दुकानात जाऊन छापून घेतला. तो म्हणाला, अब्बा, अलीझाला कळलं तर ती या घराचं तोंड बघणार नाही, आपण गुपचूप औषध करू. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पोरगा माझी इज्जत झाकतोय. त्याला माफ कर किंवा करू नको, पण माझी इज्जत वाचवण्यासाठी तुझ्यापासून तुझ्या लेकराचं दुखणं लपवायचं, हे मला सोसवत नाही. उद्याच हा कागद घेऊन मोठ्या दवाखान्यात जा. अमानचंही रक्त तपास, तो बहिणीच्या डब्यात हात घालतो. इथले डॉक्टर म्हणाले, पोट सुधारेल, रंग येईल, पण डोक्याचं जे गेलं त्यातलं किती परत येईल ते आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून मी वर सगळ्यांची खुशाली विचारली आणि तिची राहू दिली. विचारायला तोंड नव्हतं. तू इथं ये असं म्हणत नाही. मला अब्बा म्हण असंही म्हणत नाही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, त्या मी जपून ठेवीन. फक्त दवाखान्यात काय म्हणाले ते लिही, आणि तिला आता किती अक्षरं आठवतात ते लिही. कमलम्मा रविवारी परत येणार आहे. तिच्या हाती दोन ओळी दे, लवकर दे.

तुझाच गुन्हेगार,
महेबूब