काटा मधे नव्हता

ऐरोली
रविवार, दुपार

प्रिय श्रुती,

सकाळीच आपला फोन झाला आणि दुपारी पत्र लिहायला बसले, याचं तुला नवल वाटेल. शाळा कशी चाललीय असं तू विचारलंस आणि मी म्हटलं, चाललीय. हल्ली मला बोलायचाही कंटाळा येतो गं. सहावीची चव्वेचाळीस मुलं, वर मतदारयाद्यांचं काम, त्यानंतर मोबाइलवर कसली कसली माहिती भरायची. दिघ्याच्या शाळेतून घरी आले की गरम पाण्यात पाय सोडून बसते आणि पाणी गार झालं तरी उठवत नाही. पण हे पत्र त्या दमणुकीचं नाही. फोनवर सुरुवात केली असती तर मी मधेच विषय बदलला असता, म्हणून कागद घेतला.

दोन आठवड्यांपूर्वी वर्गात वस्तुमान शिकवत होते. शाळेच्या विज्ञानपेटीत एक जुना तराजू आहे. त्यातलं पन्नास ग्रॅमचं वजन कधीच हरवलंय, त्यामुळे वीस, वीस आणि दहा लावून भागवायचं. मुलांनी खोडरबर तोललं, कंपासपेटी तोलली, कुणीतरी डब्यातली चपाती तोलली. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते: आधी रिकामी पारडी बघा, काटा मधे नसेल तर पुढचं सगळं माप चूक. तास संपताना गृहपाठ दिला, घरी किंवा शेजारी तराजू असेल तर तो रिकामा असताना बघून या. इतकी वर्षं हाच गृहपाठ देतेय. बहुतेक मुलं न बघताच ‘काटा मधे होता’ असं लिहून मोकळी होतात.

अस्मिताने खरंच बघितलं. अस्मिता म्हणजे दुसऱ्या बाकावरची, कमी बोलणारी मुलगी. तिची आई काशी जालन्याकडची, दिघ्यात भाजीची गाडी लावते. संध्याकाळी गिऱ्हाईक उभं असतानाच अस्मिताने रिकामा तराजू उचलून धरला. काटा एका बाजूला गेला. तिने पारडं उलटं केलं तर खाली चुंबक चिकटवलेलं. ‘आई, हे काढ ना, काटा मधे येत नाहीय,’ असं ती अगदी सरळपणे म्हणाली. तिला वाटलं, आईच्या लक्षात आलं नसेल. समोरच्या दोन बायकांनी पिशव्या तिथेच रिकाम्या केल्या. गल्लीभर बोभाटा झाला आणि काशीने सगळ्यांसमोर पोरीला मारलं.

हे मला वर्गातल्या मुलींकडून कळलं. अस्मिता चार दिवस शाळेत आली नाही, तेव्हा पाचव्या दिवशी सुटी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. काशीने गाडी मागच्या गल्लीत हलवली होती. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली नाही. मेथी निवडत म्हणाली, “मॅडम, तुमी खरं शिकवलं, त्येचं मला काय नाही. पन कुठं बोलायचं अन् कुठं गप बसायचं, तेबी शिकवायचं व्हतं.” मग तिने अस्मिताला हाक मारली आणि म्हणाली, “सांग मॅडमला.” पोरगी समोर येऊन उभी राहिली. खाली बघत, पाठ केल्यासारखं म्हणाली, “माझंच चुकलं मॅडम. काटा मधेच होता.”

श्रुती, तो आवाज मी आधी ऐकलेला होता.

मी तिला म्हटलं, “नाही अस्मिता. तुला जे दिसलं ते बरोबर होतं.” काशीसमोरच म्हटलं. काशीचे हात थांबले. तिचं तोंड एवढंसं झालं, आणि मला तिचीही दया आली, कारण ती वाईट बाई नाही. एकटीने दोन मुली वाढवतेय. ती पोरीला एवढंच म्हणाली, “जा उद्या शाळेत.” अस्मिता येते आता. पूर्वीपेक्षाही कमी बोलते. तराजूचं पुढे काय झालं ते मी बघायला गेले नाही.

तू दहा वर्षांची होतीस. उलव्याला मोठ्या काकांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगतीत सगळे बाबांना बढतीचं विचारत होते आणि तू म्हणालीस, बाबा ऑफिसला जातच नाहीत, बेलापूरच्या बागेत बसून डबा खातात, मी शाळेच्या बसमधून बघितलं. त्यांची नोकरी जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मला माहीत होतं. तरी मी तुला आत नेऊन मारलं, आणि बाहेर आणून सगळ्यांपुढे ‘मी खोटं बोलले’ असं म्हणायला लावलं. तू म्हणालीस. त्या दिवसानंतर तू मला कधी काही सांगितलं नाहीस, आणि बाबा गेले तेव्हाही आपण दोघी फक्त कामाचंच बोललो. तू खरं बोलली होतीस, श्रुती. हे सांगायला मला चौदा वर्षं लागली. आज तुझा फोन ठेवल्यावर मी मोठ्या काकूंना फोन केला आणि सांगितलं, त्या दिवशी माझी मुलगी खरं बोलत होती, खोटं मी बोलले. त्या मग म्हणाल्या, “अगं, आम्हाला सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं.” म्हणजे त्या पंगतीत कुणाचीच फसवणूक झाली नव्हती. फक्त तुला तसं म्हणावं लागलं होतं.

तुझीच,
आई