साडेचारचा नमस्कार

पप्पा, आज सकाळी मम्मीने फोनवर पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी जर्मनीत आहे. एका वेल्डिंग रोबोची चाचणी घ्यायला आले आहे. तो पास झाला की पेटीत बंद होऊन चाकणला जाईल. मी तिला व्हिडिओवर हॉटेलची खोली दाखवत होते. तिने खिडकी पाहिली, हीटर पाहिला आणि मग म्हणाली, "तू रोज असल्याच मशीनपाशी असतीस. मग सांग की मला, हे आत कशाला गेले असतील?" आठ वर्षांत तिने हे कंपनीतल्या साहेबांना विचारलं, चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला विचारलं, तुमच्या कंपनीच्या बसमधल्या सगळ्यांना विचारलं. मला ती दर दोन-तीन महिन्यांनी विचारते. मी म्हणाले, "काही सांगता येत नाही, मम्मी." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते म्हणताना माझा आवाजही बदलत नाही.

ती अडली आहे एका शब्दावर. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की कामगार विनाकारण रोबोभोवतीच्या सुरक्षा जाळीच्या आत शिरला. त्या दिवशी तिने तो कागद टेबलावर ठेवला आणि समोरच्या साहेबाला म्हणाली, "विनाकारण? हा माणूस मला भाजी बदलली तरी कारण विचारायचा." साहेब खाली बघत राहिला. मी तिच्या शेजारी बसले होते आणि मीही खालीच बघत होते.

तुम्ही विनाकारण काही करत नव्हतात, हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. थेरगावची खोली, गुरुवार. गुरुवार म्हणजे वीज जायचा दिवस. मी मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी फिरवत होते आणि मधेच वीज गेली. मी झाकण काढलं आणि पात्याला चिकटलेलं बोटाने सोडवायला लागले. तुम्ही दारातून दोन पावलांत आलात, आधी प्लग उपटलात आणि मग माझ्या हातावर चापट मारलीत. "थांबलंय, बंद न्हाई झालेलं. दोन्ही येगळं असतंय. काय असतंय?" मी रडत म्हटलं, "येगळं असतंय." ते तुम्ही मला तीनदा म्हणायला लावलंत. आता मी हेच लोकांना शिकवते, शुद्ध भाषेत, पडद्यावर चित्रं दाखवून. माझ्या कामाचं नाव मोठं आहे, पण काम एवढंच आहे.

फुटबॉल आपल्या घरात माझ्या कॉलेजमुळे आला. मी खेळत नव्हते, कॉलेजच्या संघाचे सामने बघायचे. तुमची पहिली शिफ्ट सुटली की तुम्ही कंपनीच्या गणवेशातच मला न्यायला यायचात आणि गोलच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभे राहायचात. ऑफसाइड तुम्हाला शेवटपर्यंत पटला नाही. "पुढं पळाला म्हनून शिक्षा? मग आमच्या कंपनीसारखंच हाय की." माझ्या मैत्रिणी हसायच्या. तुम्ही त्यांच्या हातावर खारे शेंगदाणे ठेवायचात आणि हाफटाइमच्या आधी कुणी तोंडात टाकले तर खरोखर रागवायचात. आधी खाल्ले की आपल्यावर गोल बसतो, हा तुमचा नियम होता.

मोठा नियम नमस्काराचा. शिफ्टच्या सुरुवातीला तुमचा रोबो पूर्ण बंद असायचा, किल्ली तुमच्याजवळ असायची. तुम्ही त्याची सफाई करायला जाळीच्या आत जायचात आणि बाहेर पडताना त्याच्या बुडाला हात लावून तो कपाळाला लावायचात. तिथे सगळेच आपापल्या मशीनला असा हात लावतात. सामन्याच्या दिवशी तुमचा नमस्कार आमच्या पोरांच्या नावाने असायचा. "पप्पा, तुमचा रोबो जपानी आहे. त्याला आमचं कॉलेज काय माहीत?" "म्हनून तर नाव घेऊन सांगतो की." मी चेष्टा करत राहिले, पण एका वहीत रकानेही आखले: तारीख, समोरचा संघ, नमस्कार, निकाल. फायनलच्या आधीच्या सात सामन्यांत आम्ही दोन हरलो, आणि त्या दोन्ही दिवशी तुम्ही सुट्टीवर होतात. सात ओळींवरून काही सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही समजत होतं. तरी मी आठवी ओळ आखली.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी सहा महिने इथे जर्मनीत प्रशिक्षणाला आले, तेव्हा तुम्ही बॅगेसाठी तुमचं जुनं लाल कुलूप दिलंत. दुरुस्तीच्या वेळी मशीन कुणी चालू करू नये म्हणून जाळीच्या दाराला लावायचं, तुमचा टोकन नंबर कोरलेलं. कंपनीने तुम्हाला नवीन दिलं होतं. इथे आल्यावर सामन्याच्या दिवशी मी काय काय करायचे, ते मी तुम्हालाही सगळं सांगितलेलं नाही. कॉलेजची जर्सी उलटी करून स्वेटरच्या आत. डावा बूट आधी. कँटीनमध्ये घड्याळाकडे पाठ करून बसायचं, फोन पालथा ठेवायचा. तुम्ही बांधून दिलेल्या पुडीतले शेंगदाणे हाफटाइमला, मोजून अकरा. इतक्या लांबून मला दुसरं काही करता येत नव्हतं आणि काहीच न करणं मला जमत नव्हतं.

फायनलच्या दिवशी तुमची दुसरी शिफ्ट होती. मी फोन केला तेव्हा तुम्ही कंपनीच्या बसमध्ये आहात. डांगे चौक मागे पडला आहे, बसमध्ये कुणीतरी मोठ्याने गाणं लावलं आहे, तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आहे.

"पप्पा, आज दोन करा."

"दोन काय?"

"नमस्कार. एक रोजचा आणि एक साडेचारला. बरोबर किक-ऑफला."

मागून कुणीतरी विचारतं, "कुणाचा फोन, भाऊ?" तुम्ही म्हणता, "परदेशातून. सायबाचा." बस हसते. मग तुम्ही आवाज खाली आणता. "अगं, साडेचारला मशीन चालू असतंय."

मी हे ऐकलं होतं, पप्पा. नीट ऐकलं होतं. मी म्हणाले, "मी ग्राउंडवर नाही. तुम्हीही नाही. मग आपल्या हातात दुसरं काय राहिलं?"

मग म्हणालात, "बरं माय. साडेचारला अजून एक."

मशीनमधली नोंद चार वाजून एकतीस मिनिटांची आहे. रोबो पलीकडच्या बाजूने पार्ट लागायची वाट बघत उभा होता. थांबलेला होता, बंद नव्हता. दार उघडलं की वीज तोडणाऱ्या स्विचला कुणीतरी तारेचा तुकडा जोडून ठेवला होता, लाइन सारखी थांबू नये म्हणून; दार उघडलं तरी वीज चालूच राहायची. तो कुणी जोडला, ते ठरलंच नाही. पलीकडच्या माणसाने पार्ट लावला आणि बटण दाबलं. त्याला तुम्ही दिसला नाहीत. तुमचं नवीन कुलूप तुमच्याच खिशात सापडलं. खाली वाकून हात लावायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यासाठी कोण खिशातून कुलूप काढून लावतं? आणि सामना त्या दिवशी साडेचारला सुरू झालाच नाही. रेफरी वाहतुकीत अडकला होता, वीस मिनिटं उशीर झाला. तुम्ही मात्र वेळेवर होतात.

मम्मीला सांगायचं मी अनेकदा ठरवलं. पहिल्या वर्षश्राद्धाला, नंतर नवीन घरात गेलो तेव्हा, नंतर नुसतंच एका रविवारी कुकर लावता लावता. सांगितलं तर तिला कारण मिळेल आणि तो शब्द तिच्या डोक्यातून जाईल. पण त्यानंतर ती मला रोज सकाळी फोन करील का, हे मात्र मला खरोखरच सांगता येत नाही. म्हणून तारेच्या तुकड्याबद्दल मी तिच्याशी तासभर बोलू शकते आणि बसमधल्या फोनबद्दल एक शब्दही नाही.

आज दुपारी इथल्या मशीनचा मी प्रत्येक स्विच तपासला. किल्ली काढून खिशात ठेवली, दाराला तुमचं लाल कुलूप लावलं, मग आत गेले. सगळं मोजलं. बाहेर येताना कशालाही हात लावला नाही. संध्याकाळी चाचणीच्या कागदावर सही केली आणि हे लिहायला बसले. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, मम्मीला तर नाहीच. बॅगेत वहीशेजारी राहील.

वही अजून आहे. निकाल तुम्हाला कळला नाही. आम्ही जिंकलो, दोन-एक. मैत्रिणीचा मेसेज आला तेव्हा तिकडे पावणेसात, इथे सव्वादोन वाजले होते आणि मम्मीचा फोन यायला अजून तास होता. तो तास मी फार खुशीत होते. वही उघडून मी आठवी ओळ भरली. नमस्काराच्या रकान्यात २ लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल केला.