परत वर जाणाऱ्याचा चहा

मंगळवार, ११ मार्च
आज पुन्हा फुकटचा चहा! विमान उतरवताना चाकं न टेकवता कुणी परत वर नेलं, की त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा — इथला नियमच आहे. वर टाळ्या अन् टोमणे. आणायला अर्थात मी. आज शिकायला येणारा कारखानदार दोनदा परत वर गेला. विमान शिकवणारे आमचे मास्तर त्याला म्हणाले, "अहो, राहा की वरच, बिस्किटं पाठवून देतो!" हसून हसून पोट दुखलं.

मास्तर नसते तर मी कधीच गाशा गुंडाळला असता. एका जागी बूड टिकत नाही माझं. पण विमान धुताना ते पाठीवर हात ठेवून जातात. बापानं कधी ठेवला नाही.

गुरुवार, १३ मार्च
शिकायला येतात त्यांत एकच मुलगी, मी तिला ताई म्हणतो. तिला आज नवं विमान दिलं. दिसायला छोटं, पण पळतं फार. मास्तर म्हणाले, "हे लवकर थांबत नाही हं. वेग हवेतच कमी करायचा. खाली आल्यावर करू म्हणशील, तर धावपट्टी संपते." ताईनं मान हलवली. तिचं सगळंच सावकाश, दहादा तपासून. गोगलगाय म्हणतात तिला. ती म्हणते, "गोगलगाय पोचते तरी!"

शनिवार, १५ मार्च


सकाळी पाऊस पडून गेलेला. वाराही फिरून पाठीमागून लागलेला. ताई अन् मास्तर उतरत होते — फार वेगात. अर्धी पट्टी गेली तरी चाकं हवेतच! मी बादली टाकून ओरडलो, वर जा, वर जा! कोणाला ऐकू जाणार? टेकलं, पण ओल्या पट्टीवर थांबेचना. साबणासारखं घसरत गेलं. कुंपण तोडून चरात.

ताई जागीच गेली. मास्तरांचा श्वास चालू आहे.

रविवार, १६ मार्च
सगळ्यांचं एकच. "शिकाऊच ती. घाबरली असणार." तिच्या वडिलांनाही फोनवर हेच सांगितलं कोणीतरी. ते म्हणाले म्हणे, "माझ्या पोरीपायी मास्तरांचा जीव जायला नको."



सोमवार, १७ मार्च
मास्तर तसेच. विमानं बंद. उगाच गवत कापत बसलो.

मंगळवार, १८ मार्च
मास्तर शुद्धीवर आले! धावत दवाखान्यात गेलो. ओठ पार सुकलेले. ओला कापूस लावला. त्यांनी माझी बाही धरली.

"तिनं विचारलं होतं रे. परत वर जाऊ का, म्हणाली. दोनदा."

मग?

"टेकव म्हटलं मी. सगळे बघत उभे होते ना... मास्तरनंच चहा पाजायचा?"

  सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या पिटणारा मीच.

"तिचे वडील उद्या येतायत ना? मला बसतं कर. मीच सांगणार त्यांना."

हो म्हटलं. जिन्यात येऊन रडलो. कोणासाठी, तेच कळेना.

बुधवार, १९ मार्च
मास्तर पहाटे गेले.

ताईचे वडील बाहेर बाकावर बसलेले. मला बघून उठले, हात जोडले. "माफ करा हो, आमच्या पोरीचं चुकलं." मी त्यांचे हात खाली घेतले. म्हटलं — काका, तिनं विचारलं होतं.