तीनशेतली दोनशे सतरावी आणि तिचे डावे दार

एके काळी रस्त्यावर जिकडे तिकडे दिसणारी गाडी पंधरा-वीस वर्षांनी शोधूनही सापडत नाही, हे तुम्हीही पाहिले असेल. हजारो होत्या, मग गेल्या कुठे? माझे हे मृत्युपत्र त्या प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे, म्हणून प्रश्न आधी नोंदवला.

मी, प्रतिभा गंगाधर गायधनी, वय सहासष्ट, अविवाहित, ओझरच्या विमान कारखान्यातील निवृत्त तपासनीस, राहणार म्हसरूळ, नाशिक. हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर थरथरलेले दिसेल, पण ते संधिवाताने. कोणाच्या दडपणाने नव्हे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी तळमजल्यावरील सदनिका व बँकेतील ठेवी माझी भावजय सौ. मंजुषा हिला मिळाव्यात. माझ्या शस्त्रक्रियेनंतर तिने पंचवटीहून सहा आठवडे डबा पोचवला. "वन्सं, गाडी म्हणजे काय फिक्स डिपॉझिट आहे का? या वयात बाईमाणसाला एवढी पळणारी गाडी कशाला?" हेही तिनेच विचारले होते. डबा आणि टोमणा, दोन्ही मी जपून ठेवले आहेत.

कलम २. मोजमापाची सर्व हत्यारे, चुंबक वगळून, आयटीआयला द्यावीत.

कलम ३. माझी मोटार. २००२ साली, निवृत्तीच्या महिन्यात घेतलेली. आकाराने लहान, पाठीमागे वर उघडणारे दार, सोळाशे सीसीचे इंजिन. कंपनीने अशा तीनशेच काढल्या. माझ्या गाडीतल्या पट्टीवर दोनशे सतरा हा क्रमांक कोरलेला आहे.

आता ते उत्तर. साध्या गाड्या वापरून झिजतात आणि भंगारात जातात, कारण त्या जपाव्यात असे कोणाला वाटत नाही. वेगवान छोट्या गाड्यांचे मरण निराळे. त्या हौशी हातांत पडतात. कोणी आपटतो, कोणी रुंद चाके लावतो, कोणी गॅसचे किट बसवतो. म्हणून मोजक्याच निघालेल्या, अनेकांना हव्या असलेल्या आणि कोणी हात न लावलेल्या, या तिन्ही अटी पुऱ्या करणारी गाडी वीस वर्षांनी क्वचितच उरते. ती संग्राहकाची गाडी. घरातले तिला 'आत्याचा डबा' म्हणतात. खुशाल म्हणोत. माझे गणित मी सोडलेले नाही.

त्या गणितात एक डाग आहे, तो लपवणार नाही. २००५ च्या दसऱ्याच्या आठवड्यात माझा भाचा चि. देवव्रत याने गाडी दोन दिवस मागून नेली. दसऱ्याला सकाळी धुऊनपुसून परत आणली, तेव्हा झेंडूची माळ डाव्या दारावर आडवी चिकटवलेली होती. फुले देणाऱ्या सिंधुबाई फाटकातच थबकल्या. म्हणाल्या, "मॅडम, माळ गाडीच्या तोंडाला बांधत्यात. दाराला कोन बांधितं?"

मी माळ काढली नाही. पूजा होऊ दिली. आपटा वाटून झाल्यावर चुंबक आणला. उजव्या दारावर तो चिकटला, डाव्या दाराच्या खालच्या भागावर घसरला. तिथे पत्र्यावर, पोचा बुजवायला भरतात त्या पुट्टीचा जाड थर होता.

देवव्रत म्हणाला, दार कंपनीचेच आहे. दुसऱ्या दिवशी त्याची बहीण चि. स्वरदा एकटी आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. चप्पलही न काढता उंबऱ्यातच म्हणाली, "आत्या, गाडी मी चालवत होते. काळारामाच्या मागच्या गल्लीत कठड्याला घासली. दादाने मला वाचवायला पुट्टी भरून घेतली. तुला सांगायचं नाही म्हणाला." त्यानंतर ती पुष्कळ रडली, आणि मी तिला क्लच कसा सोडायचा ते पुन्हा शिकवले.

बहिणीसाठी देवव्रत पहिल्यांदा खोटे बोलला, ते मी समजू शकते. पण ती खरे सांगून गेल्यावरही तीन वर्षे तो तेच बोलतो आहे. आज सकाळी शेवटचे विचारले. "आत्या, ओरिजिनल दार आहे. आणि नवी गाडी घेताना हिचे बरे पैसे येतील, देऊन टाक आता."

सबब मोटार क्रमांक दोनशे सतरा चि. स्वरदा हिला द्यावी. अट एकच: डावे दार आहे तसे ठेवावे आणि विकायची वेळ आलीच, तर गिऱ्हाइकाला ते आधी दाखवावे. किंमत उतरेल, उतरू दे. विमानाच्या सुट्या भागांवर मी छत्तीस वर्षे शिक्के मारले. दोष दिसत असताना एकही शिक्का मारला नाही. स्वतःच्या गाडीवर कसा मारू?

कलम ४. चि. देवव्रत यास माझा चुंबक द्यावा. त्याच्यावर माझा राग आहे आणि जीवही आहे. वापरायची रीत अशी: लहानसा चुंबक रुमालाच्या एका पदरात गुंडाळावा, म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो सोडून द्यावा. दारावर पत्रा असेल तिथे चुंबक ओढला जातो. खाली जाड पुट्टी असेल तिथे हातातून निसटतो. कोणत्याही जुन्या गाडीवर कोणालाही करून पाहता येईल.

स्थळ: म्हसरूळ, नाशिक. दिनांक ९ ऑक्टोबर २००८, विजयादशमी.

सही: प्रतिभा गं. गायधनी

साक्षीदार: सावळीराम जाधव, निवृत्त तपासनीस, ओझर; आणि सिंधुबाई पिंगळे, फुलविक्रेत्या, मखमलाबाद. प्रतिभाताईंनी आमच्यासमोर सही केली. आम्ही सही करण्यापूर्वी दोन्ही दारांवर चुंबक स्वतः लावून पाहिला. उजवीकडे चिकटला. डावीकडे पडला.